पगार ‘किमान’ नको, जगता येईल इतका हवा

एक साधा प्रश्न. महिनाभर राबणाऱ्या माणसाला वीस तारखेनंतर किराणा उधारीवर का आणावा लागतो? तो उधळ्या आहे म्हणून? की त्याच्या कामाचा हिशेबच चुकीचा लावलाय म्हणून? माझं मत स्पष्ट आहे: हिशेब चुकलाय.

राज्यघटनेचं कलम ४३ वाचून बघा. तिथं ‘किमान वेतन’ नाही, ‘निर्वाह वेतन’ म्हटलंय. सोबत चांगलं राहणीमान, फुरसत, सामाजिक आणि सांस्कृतिक संधी हेही आहे. पण हे मार्गदर्शक तत्त्व. त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही. म्हणून १९४८ च्या कायद्यापासून आपण ‘किमान’वरच अडकून बसलोय.

बरं, हे किमान तरी कसं मोजायचं? १९५७ च्या भारतीय श्रम परिषदेनं सूत्र दिलं. एका कमावत्यामागे तीन माणसांचं खाणं धरायचं, बायको-पोरांची कमाई मोजायची नाही, वर्षाला ७२ यार्ड कापड, घरभाडं, आणि इंधन-दिवाबत्ती वगैरेला २० टक्के. पुढं १९९१ मध्ये रेप्टाकोस ब्रेट खटल्यात सुप्रीम कोर्टानं मुलांचं शिक्षण, औषधपाणी, सणवार, लग्न, म्हातारपण यासाठी आणखी २५ टक्के धरायला सांगितलं.

आता प्रत्यक्ष काय झालं बघा. सरकारनंच नेमलेल्या सत्पथी समितीनं २०१९ मध्ये, २०१८ च्या भावानं, रोजचे किमान ३७५ रुपये सुचवले. केंद्राचा राष्ट्रीय तळदर ठरला १७८ रुपये. २६ दिवसांचे होतात ४,६२८. बहुतेक राज्यांचे दर याच्यावर असतात, कबूल. पण तळच इतका खोल असेल तर वर चढायची घाई कुणाला असणार?

विरोधक म्हणतात, पगार वाढवला तर छोटे कारखाने बंद पडतील. उद्यमबागेतल्या छोट्या फौंड्रीवाल्याची अडचण खोटी नाही. मोठी कंपनी त्याचा दर दाबते, तो कामगाराचा दाबतो. पण म्हणूनच तळ सगळ्यांना सारखा हवा. शेजारचा कारखानदार मजुरी कापून माल स्वस्त देऊ शकला नाही, तर नीट पगार देणारा मार खाणार नाही. आणि कामगाराच्या हातातला पैसा जातो कुठं? इथल्याच दुकानात, इथल्याच बाजारात.

सीमाभागात हे जास्त टोचतं. निपाणी आणि कागल हाकेच्या अंतरावर, पण दोन राज्यं, दोन दर. तेल-डाळ मात्र दोन्हीकडं महागच. २०१९ च्या वेतन संहितेत सोय आहे: केंद्रानं तळाची मजुरी ठरवायची आणि कुठल्याही राज्यानं त्याखाली जायचं नाही. तो तळ १९५७ चं सूत्र अधिक २५ टक्के या हिशेबानं ठरावा आणि महागाईप्रमाणं दरवर्षी वाढावा, एवढीच मागणी आहे.

हे मिळणार कसं? निपाणीकडंच बघा. तिथल्या तंबाखू वखारीत राबणाऱ्या हजारो बायका १९८० च्या आसपास संघटित झाल्या, संपावर गेल्या. ‘युगांतर’ गटानं १९८२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट काढला. बहुतेकींना शाळा माहीत नव्हती, पण आपल्या घामाची किंमत माहीत होती.

आपण तर शिकलेले. म्हणून एक काम करा. घरात, गल्लीत जे कुणी कारखान्यात, दुकानात, सिक्युरिटीत कामाला आहेत, त्यांना हातात किती पडतात ते विचारा आणि सरकारी दराशी ताडून बघा. किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही वेठबिगारी आहे, कलम २३ चा भंग आहे, असं सुप्रीम कोर्टानं १९८२ मध्येच सांगितलंय. कमी भरले तर गप्प बसू नका, कामगार खात्यात अर्ज द्या. भाषेच्या हक्कासाठी आपण रस्त्यावर उतरतो. ती भाषा बोलणाऱ्याच्या पोटाचा हक्कही आपलाच आहे.