एवढ्याशा गोष्टीवरून?

सकाळी पावणेआठला रेक्टर सर ऑफिस उघडायला आले, तर दाराशी बादल्या. एक-दोन नाही, चांगल्या चाळीसेक. निळ्या, लाल, एकीची कडी तुटलेली, एकीच्या बुडाला डांबर लावलेलं. ऑफिसच्या दारापासून पार जिन्यापर्यंत ओळीनं मांडलेल्या आणि सगळ्या रिकाम्या. घोषणा नाही, बॅनर नाही, नेता नाही. पोरं बाजूला गपचूप उभी.

सरांनी एकदा बादल्यांकडे पाहिलं, एकदा पोरांकडे आणि म्हणाले, ‘‘एवढ्याशा गोष्टीवरून?’’

एवढीशी गोष्ट म्हणजे पाणी. आमच्या होस्टेलला मार्चपासून सकाळी जेमतेम अर्धा तास पाणी यायचं. ते तिसऱ्या मजल्यावर चढेपर्यंत त्यातली दहा मिनिटं गेलेली असायची. मग आंघोळ करायची की कपडे धुवायचे, हा रोजचा पेपर. तीन अर्ज देऊन झाले होते. उत्तर एकाचंही नव्हतं.

मी तेव्हा वरच्या गॅलरीत होतो. हातात मोबाइल. वरून ती रंगीबेरंगी ओळ काय भारी दिसत होती! व्हिडिओ काढला, गाणं लावलं, स्टोरी टाकली. दुपारपर्यंत बघणाऱ्यांचा आकडा पाचशेच्या वर. खूश होऊन रूमवर आलो, तर रूममेट एवढंच म्हणाला, ‘‘व्हिडिओ पाहिला. तुझी बादली कुठं होती रे?’’

माझी बादली कॉटखाली होती.

तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यात आहेत. एक सरांचा, एक रूममेटचा. सरांचा आधी घेऊ, कारण तो एकट्या सरांचा नाही. टीव्हीवर कुठल्याही देशातली आंदोलनाची बातमी लागली, की घरातलं कुणीतरी हाच प्रश्न विचारतं. एवढ्याशा गोष्टीवरून एवढा राडा?

आता चिलीचंच बघा. ऑक्टोबर २०१९. राजधानी सांतियागोत मेट्रोचं गर्दीच्या वेळचं तिकीट वाढलं ३० पेसोंनी. आपल्या पैशांत तेव्हाचे साधारण तीन रुपये! शाळा-कॉलेजातली पोरं तिकीट न काढता फाटकांवरून उड्या मारायला लागली. त्याच सुमारास अर्थव्यवस्था खात्याच्या मंत्र्यांनी सुचवलं की, जो लवकर उठून निघेल त्याला सकाळी सातला स्वस्त तिकीट मिळेल. म्हणजे वर्गात पंखा नाही म्हटलं, तर ‘हिवाळ्यात या’ म्हणण्यातला प्रकार. मग शहर पेटलं. मेट्रो स्टेशनं जळली, आणीबाणी लागली, सैन्य रस्त्यावर आलं. भाडेवाढ मागे घेतली तरी लोक घरी गेले नाहीत. २५ ऑक्टोबरला एकट्या सांतियागोत दहा लाखांहून जास्त माणसं रस्त्यावर होती.

यातली गंमत माहितीये? त्या भाडेवाढीत विद्यार्थ्यांचं तिकीट वाढलंच नव्हतं. उड्या मारणाऱ्या पोरांच्या खिशातून एक पेसोही जास्त जाणार नव्हता. जाणार होता तो त्यांच्या आईबापांच्या खिशातून. आणि तिथली घोषणा काय होती? ‘प्रश्न ३० पेसोंचा नाही, ३० वर्षांचा आहे.’ लष्करी राजवट जाऊन लोकशाही आली त्याला तेव्हा ३० वर्षं होत आली होती. पण पेन्शन तुटपुंजी, शिक्षण महाग, दवाखाना महाग. हे सगळं आधीपासून साचलेलं होतं. तिकिटानं फक्त त्याला तोंड दिलं.

त्याच महिन्यात लेबनॉन. सरकारनं ठरवलं की व्हॉट्सॲपवरून होणाऱ्या कॉलवर कर लावायचा, महिन्याला सहा डॉलरपर्यंत. १७ ऑक्टोबरला लोक रस्त्यावर आले. कर लगेच रद्द झाला, लोक थांबले नाहीत आणि १२ दिवसांनी पंतप्रधान साद हरीरी यांनी राजीनामा जाहीर केला. ‘व्हॉट्सॲपवरून सरकार पडलं’ हे सांगायला मस्त वाटतं. पण साधा फोन कॉल जिथं खूप महाग आहे, तिथं परदेशात राहणाऱ्या पोराशी बोलायचा आईचा रस्ता म्हणजे तो कॉल. त्यावर कर लावणं एवढंसं कसं?

आणि नेपाळ तर आपण आपल्याच फोनवर पाहिलं. सप्टेंबर २०२५ मध्ये फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूबसकट २६ प्लॅटफॉर्म बंद केले. ८ सप्टेंबरला कॉलेजची, काही तर शाळेच्या गणवेशातली मुलं काठमांडूत जमली. आपल्याकडे प्रतिक्रिया काय होती? ‘रील बंद झाली म्हणून पोरं बिथरली.’ त्या एका दिवसात गोळीबारात १९ जण गेले. बंदी उठली, पण दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओलींना जावं लागलं. त्या पोरांचा राग नेत्यांच्या मुलांच्या ऐषारामावर होता, भ्रष्टाचारावर होता, कामासाठी देश सोडावा लागतो त्यावर होता. तो बोलायची जागा फोन होती. तीच बंद केली.

मला जाळपोळीचं कौतुक नाही. जळलेली मेट्रो शेवटी त्याच गरिबाची असते आणि काठमांडूत संसद जळली तेव्हा कुणाचाच प्रश्न सुटला नाही. पण जाळपोळ झाली म्हणून आधीचा प्रश्न एवढासा ठरत नाही. माझं साधं मत असंय की गोष्ट मोठी की छोटी, हे ती ज्याच्याकडे भरपूर आहे त्यानं ठरवू नये. तीन रुपये कुणाला एवढेसे वाटतात? ज्याला मेट्रोनं जावं लागत नाही त्याला. अर्धा तास पाणी कुणाला पुरेसं वाटतं? ज्याच्या क्वार्टरवर वेगळी टाकी आहे त्याला.

आणि एवढ्याशाच गोष्टीवरून सगळे एकत्र येतात, यालाही कारण आहे. ‘आर्थिक विषमता’ हा शब्द आपण परीक्षेत पाच मार्कांसाठी लिहितो. तो हातात धरता येत नाही. तिकीट येतं, बादली येते.

हाँगकाँगमध्ये २०१४ साली पोरांच्या हातात छत्री होती. आपला मुख्य प्रशासक आपल्याला खऱ्या अर्थानं निवडू द्या, ही मागणी. पोलिस डोळ्यांत तिखटाचा फवारा मारायचे, म्हणून पोरांनी छत्र्या उघडल्या. पावसाळ्यात बॅगेत असते तीच, घडी होणारी. ७९ दिवस रस्ते अडवून बसले आणि त्या आंदोलनाला नावच छत्रीचं पडलं. पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये चीनमध्ये तर नुसता कागद. उरुमचीमध्ये इमारतीला आग लागून दहा जण गेले. कडक कोविड निर्बंधांमुळे त्यांना वेळेत बाहेर पडता आलं नाही, अशी लोकांची भावना झाली. शांघाय, नानजिंग, बीजिंगमध्ये मुलंमुली कोरे ए-फोर कागद घेऊन उभी राहिली. झेरॉक्सच्या दुकानात मिळतो तो कागद. त्यावर एक अक्षर नाही, तरी काय म्हणायचंय ते सगळ्यांना कळलं. पोलिसांना तर सगळ्यात आधी कळलं.

हे सगळं मी आजीला फोनवर सांगत होतो, शहाणपणा करत. ती म्हणाली, ‘‘अरे, आम्ही लाटणी घेऊन गेलो होतो.’’

मी गप्पच झालो. आजी तेव्हा गोरेगावात राहायची, नवीन लग्न झालेलं. १९७२च्या सुमाराचा काळ, राज्यात दुष्काळ, धान्य-तेल महाग. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर अशा वेगवेगळ्या पक्षांतल्या बायका महागाईविरोधात एकत्र आल्या आणि मुंबईतल्या बायकांनी थाळ्या-लाटणी घेऊन मोर्चे काढले. मृणालताईंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणायचे, कारण गोरेगावच्या पाण्यासाठी त्या भांडल्या होत्या. पाण्यासाठी! ‘एवढ्याशा’ गोष्टीसाठी! आणि १९७७ मध्ये त्याच बाई लोकसभेत निवडून गेल्या.

‘‘भीती नाही वाटली?’’ मी विचारलं.

‘‘वाटली की. सासूबाईंची,’’ आजी म्हणाली. ‘‘पण लवकर परत यायचं होतं. त्याच लाटण्यानं संध्याकाळच्या पोळ्या करायच्या होत्या.’’

आता रूममेटचा प्रश्न. तुझी बादली कुठं होती?

त्याचं उत्तर टाळत होतो, कारण पुढे जे झालं ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणता येणार नाही. होस्टेलवर बादल्या चोरीला जातात, म्हणून प्रत्येक जण तिच्यावर ऑइलपेंटनं नाव आणि रूम नंबर लिहितो. चीनमधल्या कागदावर काहीच लिहिलेलं नव्हतं. आमच्या बादल्यांवर मात्र अख्खं नाव. क्लार्कनं वही काढली आणि ओळीनं नावं उतरवून घेतली. संध्याकाळी घरोघर फोन गेले, ‘तुमचा मुलगा आंदोलनं करतोय.’

रूममेट बीडचा. घरी कोरडवाहू शेती, वडिलांनी कर्ज काढून पुण्याला पाठवलेलं. फोन त्यांनाही गेला. तो त्या रात्री गॅलरीत बराच वेळ वडिलांशी बोलत होता, ‘नाही अण्णा, भांडण नाही केलं. बादली ठेवली फक्त.’ आतून मला सगळं ऐकू येत होतं. माझ्या घरी फोन गेला नाही. जाणार कसा? वहीत माझं नावच नव्हतं. पाचशे जणांनी माझी स्टोरी पाहिली, पण त्या वहीसाठी मी तिथं नव्हतोच.

स्टोरी टाकणं वाईट आहे, असं मी म्हणत नाहीये. नेपाळच्या पोरांनी पंतप्रधानपदासाठी सुशीला कार्कींचं नाव डिस्कॉर्डवर चर्चा करून पुढे केलं आणि त्या खरंच हंगामी पंतप्रधान झाल्या. फोन हे आपल्या पिढीचं लाटणं आहे, मान्य. पण माझी स्टोरी वेगळी होती. तिच्यात मी दुसऱ्याच्या बादल्यांवर गाणं लावलं होतं आणि माझी सांभाळून ठेवली होती. सर म्हणाले ‘एवढ्याशा गोष्टीवरून?’ मला राग आला. पण त्या गोष्टीची १५ सेकंदांची गंमत करून मीही ती एवढीशीच केली ना?

बरं, बादल्यांचं पुढे काय झालं? पाणी अर्ध्या तासाचं सव्वा तास झालं. एक पाणी समितीही नेमली, दर महिन्याला बैठक, दोन विद्यार्थी प्रतिनिधी. खरा कंटाळवाणा भाग इथं सुरू होतो. चिलीत एवढं रामायण होऊन नवी राज्यघटना लिहायला घेतली, तर २०२२ मध्ये एक मसुदा लोकांनी मतदानात नाकारला आणि २०२३ मध्ये दुसराही. रस्त्यावर दहा लाख येतात, पण कलमं वाचत बसायला आणि एकमेकांना पटवायला किती जण थांबतात, त्यावर पुढचं ठरतं. आमच्या पाणी समितीत प्रतिनिधी व्हायला चाळीस बादलीवाल्यांतून तयार झाला एकच. बीडचा.

दुसरी जागा रिकामी होती. मी नाव दिलंय. पहिल्या बैठकीत टाकी कधी साफ झाली, मोटार किती वाजता लागते आणि तिसऱ्या मजल्याचा व्हॉल्व्ह कोण बंद करतं, यावर दीड तास चर्चा झाली. एकदाही व्हिडिओ काढावासा वाटला नाही. काढला असता तरी कुणी पाहिला नसता.

परत आलो आणि कॉटखालची बादली बाहेर काढली. तिच्यावरचं नाव पार पुसट झालं होतं. रूममेटकडे ऑइलपेंटची डबी होती, ती मागून घेतली.