हमीपत्रावरची सही

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत निवड झाली की त्या मुलाच्या घरी बऱ्याच कागदपत्रांची पूर्तता करावी लागते. त्यांतील एका प्रमाणपत्रावर वडिलांची वा पालकाची सही आवश्यक असते. प्रशिक्षणाच्या काळात अथवा प्रशिक्षणामुळे पाल्यास इजा झाली, शस्त्रक्रियेतून व्यंग उद्भवले किंवा मृत्यू ओढवला, तरी शासनाकडून नुकसानभरपाई वा अन्य साहाय्य हक्काने मागता येणार नाही, हे आपण पूर्णपणे समजून घेतले आहे, अशा अर्थाचा तो मजकूर असतो. सोबत आणखी एक बंधपत्र असते: मुलाने स्वतःच्या इच्छेने प्रशिक्षण सोडले, तर त्याच्यावर झालेला खर्च फेडावा लागेल. निवडीच्या आनंदात हे कागद कोणी बारकाईने वाचत नाही. पेढे आणायला माणूस गेलेला असतो, शेजारी दारात उभे असतात, आणि वडील जिथे बोट दाखवले जाईल तिथे सही करून मोकळे होतात. मुलाचे वय त्या वेळी साडेसोळा ते साडेएकोणीस यांच्या दरम्यान असते.

या सहीचा खरा अर्थ काय, याची जाहीर चर्चा व्हावयास २०२५ सालचा ऑगस्ट महिना उजाडावा लागला. वृत्तपत्रातील एका वृत्तान्तावरून सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रश्नाची दखल घेतली. १९८५ पासून सुमारे पाचशे छात्र निरनिराळ्या लष्करी प्रबोधिनींतून वैद्यकीय कारणास्तव बाहेर पडले आहेत. कोणाच्या मणक्याला मार बसला, कोणाच्या मेंदूला. कोणी कायमचे अंथरुणाला खिळले. खुद्द संरक्षण खात्याच्या सांगण्यानुसार दरवर्षी दहा ते वीस मुलांवर ही पाळी येते. देशाच्या विस्ताराच्या मानाने हा आकडा नगण्य आहे, हे उघडच आहे. परंतु तो नगण्य असल्यामुळेच तर चाळीस वर्षे त्याकडे दुर्लक्ष करणे कोणालाही जड गेले नाही. ज्यांची संख्या थोडी, त्यांना मोर्चा काढता येत नाही, आणि निवडणुकीत त्यांचा हिशेब कोणी धरीत नाही.

प्रश्नाचे मूळ एका तांत्रिक भेदात आहे. साधा जवान म्हणून भरती झालेला तरुण नावनोंदणीच्या दिवसापासून सैन्यसेवेत आहे, असे मानले जाते. बेळगावच्या मराठा केंद्रात वा खडकीच्या अभियंता केंद्रात तो कवायत करताना जायबंदी झाला आणि नियमित भरतीतला असला, तर अपंगत्वाचे निवृत्तिवेतन व माजी सैनिकाचा दर्जा यांवर त्याचा दावा उभा राहतो. अधिकारी होण्यासाठी निवडलेल्या छात्राची सेवा मात्र राजादेश मिळाल्यावर, म्हणजे खांद्यावर तारे चढल्यावर, सुरू होते. त्याआधी तीन वर्षे खडकवासल्याला आणि त्यानंतर डेहराडूनला किंवा अन्य प्रबोधिनीत काढलेला काळ सेवेत धरला जात नाही. तो हुकमावरून धावतो, हुकमावरून घोड्यावर बसतो, हुकमावरून मुष्टियुद्धाच्या रिंगणात उतरतो. पण पडला की तो सैनिकही नसतो व माजी सैनिकही नसतो.

मग त्याला मिळते काय? हक्क म्हणून काही नाही. अनुग्रह म्हणून काही थोडे. इजा प्रशिक्षणामुळे झाली वा प्रशिक्षणाने वाढली असे सिद्ध झाल्यास दरमहा ९,००० रुपये, शंभर टक्के अपंगत्व असल्यास आणखी १६,२०० रुपये, आणि सतत परिचारक लागत असेल तर ६,७५० रुपये, असे मूळ दर आहेत. अपंगत्व पन्नास टक्के तर मधली रक्कम निम्मी. वीस टक्क्यांखाली असेल तर ती रक्कम मुळीच नाही. महागाईपोटी मिळणारी वाढ धरूनही हा सारा आकडा महिन्याला चाळीस हजारांच्या आसपास थांबतो, असे त्या वेळी प्रसिद्ध झाले. पूर्णवेळ परिचारक, औषधे, व्यायामोपचार आणि चाकांची खुर्ची यांचा खर्च ज्यांनी केला आहे, त्यांना यातले किती उरते हे वेगळे सांगावयास नको. येथे ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, प्रशिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात, डेहराडूनसारख्या प्रबोधिनीत, त्याच छात्राला दरमहा ५६,१०० रुपये विद्यावेतन मिळते. म्हणजे धडधाकट असताना त्याचे जे मोल शासनाने ठरवले, ते जायबंदी झाल्यावर कमी होते.

शासनाने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २०२४ मध्ये माजी सैनिकांसाठी असलेल्या पुनर्वसनाच्या काही योजना या छात्रांना खुल्या करण्यात आल्या. त्या योजनांत दुधाचे केंद्र चालवणे आहे, सैन्यातील जुनी वाहने मिळणे आहे, कोळशाची चढउतार व वाहतूक हीसुद्धा आहे! मानेखाली संवेदना नसलेल्या विशीतल्या मुलाने कोळशाच्या वाहतुकीचे काय करावे, हे त्या यादीत लिहिलेले नाही. न्यायालयाने लक्ष घातल्यावर, २०२५ च्या ऑगस्टअखेर, माजी सैनिकांची आरोग्य योजनाही त्यांना लागू झाली. हे पाऊल मात्र खरोखर मोलाचे आहे. रुग्णालयाच्या दारात आपण कोण, हे त्या कुटुंबांना आता सिद्ध करीत बसावे लागू नये. न्यायालयाने याहून पुढचे मुद्दे शासनापुढे ठेवले आहेत: अनुग्रह रकमेत वाढ, सर्व छात्रांचा सामूहिक विमा, आणि उपचारानंतर बैठ्या कामासाठी पुन्हा शिकवून सामावून घेणे.

दुसऱ्या बाजूचा युक्तिवादही ऐकून घेतला पाहिजे. सहा आठवडे प्रबोधिनीत राहिलेल्या मुलाला माजी सैनिक म्हणणे हे वीस वर्षे सीमेवर काढलेल्या सुभेदाराच्या पंक्तीला त्याला बसवणे होय, असा आक्षेप काही निवृत्त अधिकारीही खाजगीत घेतात, आणि तो अगदीच टाकाऊ नाही. दर्जा हा सेवेतून यावा, हे तत्त्व योग्य आहे. परंतु दर्जा वेगळा आणि भरपाई वेगळी. माजी सैनिक ही पदवी देणे शासनाला अवघड वाटत असेल, तर त्याने ती खुशाल देऊ नये. ज्या हुकमाचे पालन करताना मुलाचे हाड मोडले, त्या हुकमाची जबाबदारी मात्र हुकूम देणाऱ्याकडेच राहते. कारखान्यातील उमेदवार कामगाराच्या बाबतीतही हे तत्त्व आपल्या कायद्याने मान्य केले आहे. उमेदवारीत असताना कामावर त्याला इजा झाली, तर कामगार नुकसानभरपाईचे संरक्षण त्याला मिळते. लष्करी प्रबोधिनीतील उमेदवार त्याहून दुबळा का असावा?

येथवर झाला तो शासनाचा विचार. पण या विषयात घराचाही एक वाटा आहे, आणि त्याबद्दल आपल्याकडे फारच कमी लिहिले जाते.

महाराष्ट्राला लष्करी परंपरा नवी नाही. सातारा जिल्ह्यातील अपशिंग्यासारख्या गावाच्या नावातच ‘मिलिटरी’ आहे. देशातील अगदी पहिल्या सैनिकी शाळांपैकी एक १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली, आणि अधिकारीपदांवर मराठी मुले कमी दिसतात म्हणून राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पूर्वतयारीची संस्था काढली. पिढ्यान्‌पिढ्या फौजेत असलेल्या घरांना प्रशिक्षण म्हणजे काय, हे ठाऊक असते. आता मात्र प्रबोधिनीची वाट धरणारी पुष्कळ मुले शिक्षकांच्या, लिपिकांच्या, छोट्या दुकानदारांच्या घरांतून येतात. या घरांत फौजेची माहिती नसते. फौजेविषयी आदर तेवढा असतो. निवडीची बातमी आली की चौकात फलक लागतो, शाळा सत्कार करते, स्थानिक पुढारी शाल घालतो. मुलाने अद्याप एक दिवसही कवायत केलेली नसते, आणि गावाने त्याला अधिकारी करून टाकलेले असते.

या सत्काराचे ओझे मुलगा सोबत घेऊन जातो. पहिल्या सत्रात पाय सुजतो, नडगीच्या हाडाला बारीक चीर जाते. धावण्याच्या प्रशिक्षणात ही इजा अपूर्वाईची नाही. वैद्यकीय कक्षात जावे तर काही आठवड्यांची विश्रांती मिळेल, चाचण्या चुकतील, आणि सत्र मागे पडेल. सत्र मागे पडणे म्हणजे सहा महिन्यांनी मागून आलेल्या मुलांच्या रांगेत उभे राहणे. ही शिक्षा नव्हे, पण गावाकडे ती नापास होण्यासारखीच वाजते. म्हणून मुलगा वेदना दडवतो, पट्टी बांधून धावतो, आणि काही आठवड्यांच्या विश्रांतीने भरून आली असती ती चीर पुरते मोडलेले हाड होऊन बसते. बरे, नोंदच नसेल तर ही इजा प्रशिक्षणात झाली, हे पुढे कसे सिद्ध करावयाचे? अनुग्रहाची सारी रचना त्या एका नोंदीवर उभी आहे.

पालकांची खरी मदत येथे होऊ शकते. फोनवर ठरलेल्या वेळी जे थोडे बोलणे होते, त्यात ‘आमचे नाव राख’ याऐवजी ‘दुखते आहे का, दाखवलेस का’ असे विचारणारे घर मुलाला अधिक बळ देते. एक सत्र मागे पडले तरी खांद्यावर तारे यावयाचे ते येतातच, हे त्याला घरातूनच कळावयास हवे. पहिल्या काही आठवड्यांत बहुतेक मुलांना परत यावेसे वाटते. त्या वेळी घाईने त्यास बोलावून घेणे चूक आणि धाक घालून गप्प करणेही चूक. कोणता रडवेला सूर दमणुकीचा आणि कोणता खरोखरीच्या संकटाचा, हे आईला दोनशे मैलांवरून ओळखावे लागते. यासाठी कोणतीही पुस्तिका उपयोगी पडत नाही. नियमाने पत्र लिहिणे, आणि आलेल्या पत्रात काय लिहिलेले नाही ते वाचणे, एवढाच मार्ग दिसतो. खिशाला लागणारा खर्च पालकांनीच पाठवावयाचा असतो, तो वेळेवर जाणे हेही आलेच.

मुलींच्या बाबतीत तर हा भार दुहेरी झाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशाने प्रबोधिनीची दारे त्यांना उघडली आणि ३० मे २०२५ रोजी सतरा मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. या मुलींच्या आईवडिलांना नातेवाइकांच्या ज्या प्रश्नांना तोंड द्यावे लागले असेल, त्याची कल्पना कोणत्याही मध्यमवर्गीय घराला करता येईल. इजा झाल्यास मुलाबद्दल ‘बिचारा’ म्हणणारे तेच लोक मुलीबद्दल ‘सांगितले होते’ म्हणतील.

अग्निवीरांची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यांना प्रशिक्षणापासूनच विम्याचे व ठरलेल्या भरपाईचे कवच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये नाशिकला तोफांच्या सरावात दोन अग्निवीर मृत्युमुखी पडले, तेव्हा या कवचाची व त्याच्या मर्यादांची चर्चा झालीच. त्यांच्या पालकांची मुख्य विवंचना चार वर्षांनंतरच्या दिवसांची आहे, आणि चौघांतल्या एकालाच पुढे ठेवून घेण्याच्या नियमाचा विचार स्वतंत्र लेखात करावा लागेल.

प्रस्तुत प्रश्नात राज्य शासनालाही दिल्लीकडे बोट दाखवून थांबता येणार नाही. महाराष्ट्राच्या सेवेत माजी सैनिकांसाठी पंधरा टक्के समांतर आरक्षण आहे. प्रबोधिनीतून जायबंदी होऊन परतलेला मुलगा त्या व्याख्येत बसत नाही. पण टेबलावर बसून करता येणारी किती तरी कामे राज्याच्या कचेऱ्यांत आहेत, आणि दरवर्षी यातून महाराष्ट्राच्या वाट्यास येणारी मुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी असतील. त्यांना सामावून घेण्यास राज्याला केंद्राची परवानगी लागत नाही. एक शासन निर्णय पुरेल. केंद्राकडे मागावयाचे ते वेगळे: त्या प्रमाणपत्रातील नुकसानभरपाई नाकारणारे वाक्य वगळावे, आणि इजा झाल्यास कोणते साहाय्य, किती व कोणाकडून मिळेल, हे त्याच जागी पालकांना वाचता येईल अशा भाषेत छापावे. सही त्याखाली घ्यावी.