गन प्रॉपर्टी ऑन की ऑफ? पात्राची ताकद आणि खेळाडूचा हात

तेलगावला साखर कारखान्याच्या रस्त्यावर एका चहाच्या टपरीवर बसलो होतो. शेजारी चार पोरं फ्री फायर मॅक्सची कस्टम रूम लावत होती आणि मॅचच्या आधीच भांडण पेटलेलं. एक म्हणे, "गन प्रॉपर्टी ऑफ कर, मग खेळतो." दुसरा म्हणे, "मी स्किन घेतलीय ती काय बघायला?"

मला दोघांचंही पटलं, आणि अडचण तिथेच आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. या गेममध्ये बंदुकीची स्किन फक्त रंगासाठी नसते. काही स्किनमुळे डॅमेज वाढतो, काहींमुळे गोळ्या सुटण्याचा वेग, आणि बदल्यात रीलोड थोडं मंदावतं. वर पात्राचे स्वतःचे गुण आहेतच: आलोक घेतला की तब्येत भरून येते आणि पळण्याचा वेगही वाढतो. बीजीएमआयमध्ये तसं नाही, तिथे स्किन दिसण्यापुरतीच. म्हणून दोन्हीकडची पोरं एकमेकांना "तुमचा गेम खरा नाही" असं ऐकवत असतात.

हा वाद मोबाईलपेक्षा जुना आहे. 1974 मध्ये आलेल्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या कागदावरच्या खेळात प्रत्येक पात्राला ताकद, चपळाई, बुद्धी असे सहा गुण आकड्यांत मिळतात. वार करायचा तर वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्यात गुणाचा बोनस मिळवायचा. पाचव्या आवृत्तीचे नियम घ्या. ताकद 18 असेल तर बोनस 4, ताकद 10 असेल तर शून्य. सरावाचा बोनस वेगळा: पहिल्या लेव्हलला 2, सतराव्या लेव्हलला 6. म्हणजे 18 ताकदीचा नवशिका (4 + 2) आणि 10 ताकदीचा सतराव्या लेव्हलचा मुरलेला लढवय्या (0 + 6) यांचा नेम अगदी सारखा. समोरच्याचं चिलखत 15 चं असेल तर दोघांचाही वार 60 टक्के वेळा लागणार. मुरलेला योद्धा एका पाळीत तीन वार करतो म्हणून पुढे जातो, ही गोष्ट वेगळी. पण नेमाच्या बाबतीत जन्मजात दंड आणि सगळं आयुष्य एकाच मापात तोलले गेले, हे मला कधीच पचलं नाही.

कारण ताकद कुठे चालते आणि कुठे चालत नाही, हे बीड जिल्ह्यात कुणालाही विचारा. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता', असा इथला हिशोब. ऊस जमिनीलगत, बुडापासून तोडायचा असतो, कारण साखर खालच्या पेऱ्यांत जास्त. ते काम दंडाचं नाही, हाताच्या सवयीचं. जिममधला पोरगा पहिल्या दिवशी फडात गेला तर तासाभरात हात सोलून घेईल. पण मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढवायची वेळ आली की तिथे ताकदच लागते. एकच काम, दोन टप्पे, आणि गुण मोजायचा तो एकाच टप्प्यावर.

'एल्डन रिंग'ने (2022) हे बरंचसं बरोबर केलंय. जड तलवारीला ठरावीक ताकद लागते, ती नसेल तर तलवार नीट चालत नाही. ताकद वाढवली की फटका जोरात बसतो. पण फटका लागतो की नाही, हे तुमचा अंगठा ठरवतो. माझं मत विचाराल तर नियम हाच असावा: गुणाने फटक्याचा जोर ठरावा, नेम खेळाडूच्या हातात राहावा. आणि गुण खेळून मिळावा.

शेवटची अट आता निव्वळ आवडीनिवडीची राहिलेली नाही. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. चर्चा झाली ती पैशांच्या गेमवर आलेल्या बंदीची. पण त्याच कायद्यात ई-स्पोर्टची व्याख्याही आहे, आणि तिच्यानुसार निकाल फक्त खेळाडूच्या चपळाईवर, डोक्यावर, डावपेचांवर आणि तशाच कौशल्यांवर ठरायला हवा. मग डायमंड मोजून वाढवलेला डॅमेज त्यात कुठे बसवायचा? सगळ्यांना सारखे गुण असतील तर पात्र निवडणं हा डावपेच होतो. पण एकाकडे ते आहेत आणि दुसऱ्याकडे नाहीत, याचं कारण यूपीआयचा बॅलन्स असेल, तर मला ते कौशल्य वाटत नाही. स्किनवर घातलेले पैसे जिंकून परत मिळवायचे नसतात, म्हणून निव्वळ त्यामुळे हा पैशांचा गेमही ठरत नाही. तो मधेच लोंबकळतो.

त्यामुळे एंट्री फी असलेली गावातली टूर्नामेंट खेळणार असाल तर पैसे भरण्याआधी दोन गोष्टी विचारा: गन प्रॉपर्टी बंद आहे का, आणि कॅरेक्टर स्किल बंद आहे का. कस्टम रूमच्या सेटिंगमध्ये दोन्हींची बटणं असतात, आणि ती रूम बनवणाऱ्याच्या हातात असतात.

टपरीवरच्या पोरांनी शेवटी तोडगा काढला. एक मॅच ऑन, एक ऑफ. पहिली स्किनवाला जिंकला. दुसरी सुरू असतानाच माझी एसटी आली.