पिवळं तेवढं बिट नव्हे

लोखंडी कपाटाला कडी बसवा, म्हणून आमची ही सहा महिने मागे लागली होती. शेवटी ड्रिलची बिटं आणायला गेलो. "साहेब, इम्पोर्टेड! टायटॅनियम!" म्हणत दुकानदाराने सोनेरी बिटांचा डबा पुढे सरकवला. घरी पहिलंच बिट दोन मिनिटं फिरलं, निळं पडलं आणि बोथट झालं. भोक पडलं ते फक्त खिशाला.

शेजारचे अण्णा म्हणाले, "परदेशी माल असाच!" साफ चूक! चांगली बिटं चेन्नईत होतात, आपल्या वाळूजला होतात, जर्मनीत होतात आणि चीनमध्येसुद्धा होतात. प्रश्न देशाचा नाही, पोलादाचा आहे. टंगस्टन-मॉलिब्डेनमवालं हाय स्पीड स्टील सहाशे अंशांच्या आसपास तापलं तरी धार राखतं. साधं कार्बन स्टील अडीचशेच्या सुमारासच मान टाकतं. टायटॅनियम नायट्राइडचा अस्सल सोनेरी लेपही जेमतेम काही मायक्रॉन जाडीचा. आतलं पोलादच हलकं असेल, तर तो बिचारा काय करणार?

आमच्या बँकेत सोनेतारण कर्ज देताना दागिना कुठल्या गावचा, हे कोणी विचारत नाही. सराफ तो कसोटीवर घासतो. गिऱ्हाइकाच्या हाती मात्र कसोटी नाही, नुसता झगमगाट! म्हणून माझी मागणी एकच: खोक्यावर देशाचं नाव खुशाल छापा, पण बिटाच्या दांड्यावर पोलादाची जात आणि बनवणाऱ्याचं नाव कोरा. बिनसहीचा चेक आम्ही वटवतो का?

तोवर आमचं कपाट बिनकडीचंच आहे. चोरांनी उगाच आशा धरू नये. आत सोनेरी म्हणण्यासारखी तेवढी ती उरलेली बिटंच आहेत.