किल्ली फिरवली, ‘टक’ झाले... पुढे काय?

लग्नाला निघायचे म्हणून सारे घर नटूनथटून गाडीत बसलेले असते. आजोबांनी आपली जुनी पद्मिनी आदल्या दिवशीच धुऊनपुसून ठेवलेली. किल्ली फिरते आणि आतून फक्त ‘टक’ असा आवाज येतो. पुन्हा किल्ली, पुन्हा ‘टक’. सूनबाई म्हणतात, रिक्षा बोलवा. शेजारचे जाणकार खिडकीतूनच निकाल देतात, ‘‘बॅटरी गेली!’’ दुसऱ्या दिवशी नवी बॅटरी येते, गाडी झटकन सुरू होते आणि पंधरवड्याने पुन्हा तोच ‘टक’.

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी बाहेर पडणे बंद होऊन दोन दशके उलटली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून गेली. पण हौसेने जपलेल्या पद्मिनी आणि अँबेसेडर अजूनही कितीतरी दारांत उभ्या आहेत. त्या रुसल्या की जे महाग तेच आधी बदलायचे, अशी रीत पडली आहे. खरा अपराधी पुष्कळदा एखादा गंजलेला सांधा असतो.

हिशेब साधा आहे. हेडलाइटला थोडेच अँपिअर पुरतात, स्टार्टर मात्र एका दमात शंभर-दीडशे अँपिअर खेचतो. सांध्यात ओहमच्या शंभराव्या भागाएवढा अडथळा असला, तरी दीडशे अँपिअरला दीड व्होल्ट तिथेच जिरतो. म्हणून हॉर्न वाजतो, दिवे लागतात आणि गाडी मात्र ढिम्म! नवी बॅटरी बसवताना मेकॅनिक टर्मिनल घासून घेतो, त्यामुळे चार दिवस बरे जातात. श्रेय बॅटरीला मिळते.

तेव्हा खिशात हात घालण्याआधी दिव्यांची परीक्षा घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. हेडलाइट लावा, त्यांचा उजेड समोरच्या भिंतीवर पाहा (पुढे कुणाला उभे करू नका) आणि किल्ली फिरवा. दिवे पार विझत आले, तर बॅटरी उतरली आहे किंवा तिची टर्मिनल खराब आहेत. दिवे जसेच्या तसे राहिले आणि आवाजही नाही, तर किल्लीच्या स्विचपासून सोलेनॉइडपर्यंतची बारीक वायर तपासा. तिची टोपी निसटलेली असते. दिवे जेमतेम मंदावले आणि ‘टक’ झाले, तर बॅटरीत जीव आहे, पण तो स्टार्टरपर्यंत पोहोचत नाही.

इथेच अर्थिंगच्या पट्टीची आठवण ठेवा. इंजिन रबरी बुशांवर बसवलेले असते आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत तांब्याची विणलेली पट्टी असते. तेल, चिखल आणि पावसाळ्याचे पाणी खाऊन तिचे तंतू झिजतात, बोल्टखाली गंज धरतो. वाट अडली की वीज दुसरी वाट शोधते आणि चोकच्या तारेतून परतू लागते! दोन-तीन वेळा किल्ली फिरवल्यावर चोकची तार गरम लागली, तर पट्टी गेली असे समजावे. एवढी गरम तार हाताळताना जपून, चटका बसतो.

खात्री करायची असेल तर जंपर केबलचे एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलला आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूला घट्ट लावा. गाडी दणक्यात फिरली, तर चोर सापडला. घरात मल्टिमीटर असेल तर आणखी बरे. कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. मग स्टार्टर फिरत असताना बॅटरीचे अर्थ टर्मिनल आणि इंजिन यांच्यात व्होल्ट मोजा. पाव व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्ट दिसला तर पट्टी काढा, दोन्ही टोके पॉलिश पेपरने चकचकीत घासा, किंवा नवी बसवा. पूर्ण चार्ज बॅटरी स्वस्थ असताना १२.६ व्होल्ट दाखवते. स्टार्टर फिरताना ती साडेनऊच्या खाली गेली, तरच तिच्यावर संशय घ्यावा.

इंजिन जोमाने फिरते पण पेट घेत नाही, तर दुखणे बहुधा इग्निशनचे आहे. पावसाळ्यात डिस्ट्रिब्यूटरची टोपी आतून कोरड्या फडक्याने पुसणे हाच पहिला उपाय. मग पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल.

हे सारे करताना बॅटरीजवळ काडी किंवा सिगारेट नको. तिच्यातून निघणारा हायड्रोजन भडकतो. सोडताना अर्थचे टर्मिनल आधी, जोडताना ते शेवटी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी भुकटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवा, कोरडे झाल्यावर व्हॅसलिन लावा. स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नका.

गाडी सुरू झाली की लगेच निघू नका. थोडा रेस देऊन बॅटरीवरचे व्होल्ट पुन्हा पाहा. १४च्या आसपास असतील तर आजोबांनी खुशाल निघावे. आकडा साडेबारावरच अडून राहिला, तर डायनॅमो चार्ज देत नाही आणि गाडी परतीच्या वाटेवर कुठेतरी पुन्हा ‘टक’ म्हणणार.