एकच वार्ता, दोन वेळा

एका घरातून दोन भावंडे एकाच क्षणी शाळेकडे निघतात. थोरला बाजारातून येतो. वाट जवळची, पण गर्दीची. धाकटा नदीकाठाने वळसा घालून येतो. फाटकाशी उभ्या असलेल्या आमच्यासारख्या मुख्याध्यापकास ती निरनिराळ्या वेळी पोहोचलेली दिसतात. रस्त्यांची वळणे ठाऊक असली, तर दोघांच्या येण्यातील फरकावरून गाव केवढे आहे याचा अदमास बांधता येतो. विश्वाचे माप घेण्याची जी एक नवी रीत शास्त्रज्ञांनी सुचविली आहे, तिचे मर्म याहून फारसे निराळे नाही.

वजनदार दीर्घिकेच्या बाजूने जाणारा प्रकाश वाकतो आणि कधी कधी एकाच ज्योतीची दोन-चार प्रतिबिंबे आपणास दिसतात. यास गुरुत्वीय भिंग म्हणतात. १९७९ मध्ये असा जुळा क्वासार प्रथम सापडला. त्याच्या एका प्रतिबिंबातील चढउतार दुसऱ्यात सुमारे चौदा महिन्यांनी उमटतात. एक वाट लांबीने अधिक, तर दुसरी गुरुत्वाच्या खोल भागातून जाणारी, जेथे काळच संथ चालतो. बाजारातील गर्दी ती हीच! या विलंबावरून विश्वाच्या प्रसरणाचा वेग काढता येईल, हे नॉर्वेचे शूर रेफ्सदाल यांनी १९६४ मध्येच, म्हणजे एकही उदाहरण हाती नसताना, मांडले होते. २०१४ मध्ये सापडलेल्या आणि त्यांचेच नाव दिलेल्या स्फोटक ताऱ्याची चार प्रतिबिंबे दिसली. आणखी एक लवकरच दिसेल, असे गणित्यांनी आधी सांगितले, आणि डिसेंबर २०१५ मध्ये ते खरोखरच उमटले. प्रस्तुत लेखकास विज्ञानाच्या इतिहासातील असे क्षण एखाद्या महाकाव्यातील प्रसंगाइतके भारावून टाकतात.

परंतु या साऱ्या खटाटोपाची निकड काय? प्रसरणाच्या वेगाविषयी दोन प्रामाणिक मापनांचे पटत नाही. आदिम विश्वाच्या अवशिष्ट प्रारणावरून हिशेब केला, तर दर दशलक्ष पार्सेक अंतरामागे, म्हणजे सुमारे ३२ लाख ६० हजार प्रकाशवर्षांमागे, सेकंदाला ६७ किलोमीटरच्या आसपास आकडा येतो. जवळच्या ताऱ्यांपासून पायरी-पायरीने अंतरे मोजीत गेल्यास तो ७३ च्या आसपास येतो. एक तर कोठेतरी मोजण्यात चूक आहे, नाही तर विश्वाचे आपले प्रतिमानच अपुरे आहे. अशा वेळी दोहोंशी नाते नसलेला तिसरा साक्षीदार हवा. भिंगातून दिसलेले स्फोटक तारे तशी साक्ष देतात खरे. पण रेफ्सदाल ताऱ्याने ६६ च्या आसपास सांगितले, तर जेम्स वेब दुर्बिणीने २०२३ मध्ये टिपलेल्या दुसऱ्या एकाने ७५! भिंगातील द्रव्याची मांडणी अचूक कळत नाही आणि साक्षीदार मोजकेच, ही तेथील अडचण.

येथे गुरुत्वतरंग पुढे येतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगोच्या दोन यंत्रांनी असा तरंग प्रथम पकडला. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर सूर्याच्या अंदाजे ३६ पट व २९ पट वस्तुमानाची दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाली होती. संकेत अवघा एक पंचमांश सेकंद टिकला. इतक्या थोडक्यात आटोपणाऱ्या घटनेची वेळ अतिशय नेमकी ठरते. हे तरंगही प्रकाशाप्रमाणेच भिंगातून वाकतात. तेव्हा तीच वार्ता काही मिनिटांनी, किंवा काही महिन्यांनीही, पुन्हा यावी. आवाज लहानमोठा, पण लय तीच.

बंगळूरच्या आयसीटीएस संस्थेचे परमेश्वरन अजित, सौविक जाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये या कल्पनेस एक सुरेख वळण दिले. त्यांच्यात पुण्याच्या आयुकाशी संबंधित शाश्वत कपाडियाही आहेत. एकेका जोडीचे भिंग शोधीत बसण्याऐवजी साऱ्या जोड्या एकत्र मोजाव्यात, असे ते म्हणतात. युरोप-अमेरिकेत योजिलेली पुढील पिढीची यंत्रे काही दशलक्ष विलीनीकरणे ऐकतील, त्यांतील हजारो जोडीने येतील. जोड्या किती आणि त्यांतील विलंब कसे विखुरलेले, हे प्रसरणाच्या वेगावर आणि विश्वातील द्रव्याच्या प्रमाणावर अवलंबून असते. ज्या प्रतिमानाचे भाकीत या मोजणीशी जुळणार नाही, ते बाद. एका मुलाच्या गुणांवरून शाळेची परीक्षा करू नये, हे आम्ही पालकांना सांगतोच.

अडचण जोडी ओळखण्याची आहे. दोन उत्तरपत्रिका तंतोतंत सारख्या दिसल्या म्हणजे नक्कलच झाली असे नव्हे, हे शिक्षकाच्या पेशात तीसएक वर्षे काढलेला मनुष्य जाणतो. लक्षावधी तरंगांत योगायोगाने सारखे दिसणारे दोघे भेटणारच. वस्तुमाने जुळावी लागतात, आकाशाची दिशा जुळावी लागते, तरंगाचे चढउतार जुळावे लागतात. आणि सध्याची यंत्रे दिशाच पुष्कळदा ढोबळ सांगतात. आजवर दोनशेहून अधिक तरंग पकडले गेले, परंतु निर्विवाद अशी एकही जोडी त्यांत आढळलेली नाही. शास्त्रज्ञ हे मोकळेपणाने सांगतात, याचे मला विशेष वाटते.

दिशा नेमकी कळण्यास यंत्रे परस्परांपासून दूरदूर असावी लागतात. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांचे लायगो-इंडिया उभारण्यास केंद्र सरकारने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली, ती याचसाठी उपकारक ठरावी. अमेरिकेतील दोन यंत्रे आणि औंढ्याचे तिसरे यांत पृथ्वीचा केवढा तरी घेर पडतो. एकाच तरंगास तिन्ही ठिकाणी पोहोचण्यास लागणाऱ्या वेळांतील फरकावरून तो कोणीकडून आला हे पुष्कळ बारकाईने सांगता येईल, आणि दुसऱ्यांदा आलेली वार्ता पहिलीच आहे की नाही, याचा निवाडाही तितकाच सोपा होईल.