पडद्यावरील तोफ

२०२० सालीं निघालेला ‘तान्हाजी’ हा चित्रपट आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांनीं पाहिला असेल. त्यांत उदयभान ‘नागिन’ नांवाची अजस्र तोफ कोंढाण्यावर आणून राजगडावर रोखूं पाहतो. परंतु या दोन गडांत सरळ रेषेंत सुमारें १५ किलोमीटर अंतर आहे. रत्नदुर्गावरून गणपतिपुळ्यावर नेम धरावा, तसेंच तें! त्या काळीं तोफेची नळी आंतून गुळगुळीत असे व गोळा तींत सैल बसे; म्हणून मैलभरापलीकडे नेम साधणें दुरापास्तच होतें.

करमणुकींत थोडी अतिशयोक्ति चालावयाचीच, असें कोणी म्हणेल. आमची तक्रार निराळी आहे. १६६५ च्या पुरंदरच्या तहांत गेलेला हा गड परत घेण्यासाठीं फेब्रुवारी १६७० मध्यें मावळे रात्रीं कडा चढून गेले, आणि तानाजी मालुसरे धारातीर्थीं पडले. एवढें शौर्य पुरेसें नव्हतें काय ? खोट्या तोफेच्या धुरांत तो खरा कडाच दिसेनासा होतो.

पालकांस आमची विनंति इतकीच कीं, मुलांस चित्रपट अवश्य दाखवावा. मात्र घरीं परतल्यावर नकाशा उघडून तें अंतर त्यांच्याच हातून मोजवून घ्यावें.